तिसरी चढाई

कबड्डीचा सामना पाहणाऱ्या नवख्या प्रेक्षकास एक कोडे हमखास पडते. चढाई करणारा गडी प्रतिपक्षाच्या अंगणात जातो, निदान रेषा ओलांडतो, चार-दोन हुलकावण्या देतो आणि कोणास स्पर्शही न करता परततो. पुढच्या पाळीस त्याचा भिडू तेच करतो. तिसऱ्या पाळीस मात्र कोणीतरी जिवाच्या कराराने आत घुसतो. हा आवेश एकाएकी येतो कोठून? मार्च 2024 मध्ये अहमदनगरच्या वाडिया पार्कवर पुरुषांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरली होती. नगरकरांस हा खेळ परका नाही. तरीही ही शंका जाणत्या घरांतूनही विचारली जाते.

उत्तर मोजणीत आहे. 2014 साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीत असा नियम आहे, की संघाच्या लागोपाठ दोन चढाया निष्फळ गेल्या तर तिसरीत गुण मिळविलाच पाहिजे. न मिळाल्यास चढाई करणारा बाद होतो व प्रतिपक्षास एक गुण जातो. त्यापूर्वी आघाडीवरील संघास नुसती ये-जा करून वेळ काढणे सोपे होते, आणि तो प्रकार पाहणे किती कंटाळवाणे असे, हे जुन्या प्रेक्षकांस ठाऊक आहे.

अमेरिकन फुटबॉलवरही नेमका हाच प्रसंग ओढवला होता. 1881 साली येल व प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या सामन्यात एका संघाने अर्धा वेळ व दुसऱ्याने उरलेला अर्धा वेळ चेंडू नुसता कवटाळून ठेवला. गोल कोणाचाच झाला नाही. म्हणून 1882 मध्ये ठरले, की तीन प्रयत्नांत 5 यार्ड पुढे सरका, नाहीतर चेंडू सोडा. 1906 मध्ये 5 चे 10 यार्ड झाले व 1912 मध्ये चौथा प्रयत्न मिळाला. कॅनडात आजही तीनच प्रयत्न आहेत. तेथे पहिला वाया गेला, की दुसऱ्यातच लांब फेक करून पाहावी लागते.

प्रयत्न मोजले, की सारे प्रयत्न सारखे राहत नाहीत. कबड्डीतील पहिल्या दोन चढाया टेहळणीच्या होतात. कोणता कोपरारक्षक उतावीळ आहे, घोटा धरावयास कोण झेपावतो, साखळी कोठे ढिली आहे, हे त्यांत हेरावयाचे. शिवाय चढाईस 30 सेकंद मिळतात. शेवटच्या मिनिटांत आघाडीवरील संघ ते पुरेपूर खर्चितो. मोजणी गड्याची नसून संघाची असल्यामुळे तिसऱ्या चढाईस कोणास धाडावे, हा कर्णधाराचा खरा पेच. उत्तम चढाईपटू धाडावा, तर तो बाद होऊन बाहेर बसण्याचे भय. दुय्यम धाडावा, तर गुण मिळण्याची आशा कमी. माझ्या मते चतुर कर्णधार येथेच ओळखू येतो.

समोर किती गडी उभे आहेत, यावरही पुष्कळ अवलंबून असते. सहा वा सात असतील तर बोनस रेषेपलीकडे पाय टेकवून, दुसरा पाय उचलून, एक गुण मिळविता येतो; तिसऱ्या चढाईस तेवढा पुरतो. पाच किंवा कमी असतील तर ही वाट बंद. मग स्पर्शावाचून गत्यंतर नाही. आणि तीन किंवा कमी गडी उरले असता त्यांनी पकड केली तर तिचे दोन गुण! म्हणून दुबळा झालेला संघ पहिल्या दोन चढायांत मुद्दाम मागे सरून राहतो. गडी रिकामा परतू देतो. ज्यास परतता येणार नाही, त्याची वाट पाहतो.

अमेरिकन खेळाडूस चौथ्या प्रयत्नापूर्वी एक पळवाट असते. चेंडू लाथेने दूर उडवून द्यावयाचा, म्हणजे निदान प्रतिपक्षास आपल्या गोलापासून लांबून आरंभ करावा लागतो. बहुतेक संघ तेच करतात. कबड्डीत तशी सोय नाही. तिसऱ्या चढाईचा गडी मध्यरेषा ओलांडतो, तेव्हा समोरचे सातही जण जाणून असतात, की हा आता हात लावल्यावाचून किंवा बोनस साधल्यावाचून परत फिरणार नाही.