बालकाच्या भेटीपूर्वीची यात्रा

परदेशातील बालक दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या दांपत्याचा प्रवास कागदपत्रांपासून सुरू होतो, असे कोणीही म्हणेल. परंतु चीनमधून बालके नेणाऱ्या अमेरिकन कुटुंबांची हकीकत पाहिली, तर बालकाचे मुख दिसण्यापूर्वी त्यांतील पुष्कळांचा आणखी एक प्रवास होत असे, तो प्रेक्षणीय स्थळांचा. मूल भेटण्यास दोनतीन दिवसांचा अवकाश असताना ही मंडळी राजवाडे आणि तटबंद्या पाहत हिंडत. प्रथमदर्शनी ही गोष्ट चमत्कारिक वाटते. ज्या घरी पाळणा हलण्याची वाट पाहिली जात आहे, त्या घरच्या माणसांस सहल कशी सुचावी? परंतु त्या सहलीत आईबापांचे एक कर्तव्य दडलेले होते, असे आमचे मत आहे, आणि त्याविषयी आज चार शब्द लिहीत आहोत.

चीनचा दत्तकविषयक कायदा एप्रिल १९९२ पासून अंमलात आला. एका कुटुंबास एकच मूल, असे कडक धोरण तेथे त्या काळी चालू होते. मुलगा हवा म्हणून कित्येक मुली टाकल्या जात. पहाटे अनाथालयाच्या दारी, बाजारात किंवा पुलाजवळ कपड्यात गुंडाळलेले तान्हे मूल सापडे. पुढील तीन दशकांत सुमारे १,६०,००० बालके परदेशी घरांत गेली. त्यांपैकी ८२,००० हून अधिक एकट्या अमेरिकेत पोहोचली. २००५ या एका सालात तेथे गेलेल्या बालकांची संख्या ७,९०० च्या घरात होती.

वाट पाहणाऱ्या दांपत्यास प्रथम एक लहानसे छायाचित्र आणि प्रकृतीचा त्रोटक तपशील मिळे. त्यानंतर प्रवासाची अनुज्ञा येईपर्यंत आठवडे, कधी महिने जात. अनुज्ञा आली की पुष्कळशी कुटुंबे एका गटाने बीजिंग येथे उतरत. न्यूयॉर्क आणि बीजिंग यांच्या घड्याळांत बारातेरा तासांचे अंतर आहे. शरीर ठिकाणावर येण्यास एकदोन दिवस हवेतच. सोबतच्या कुटुंबांची ओळखही याच दिवसांत होई.

मग वाटाड्या त्यांस निषिद्ध नगरीत नेई. १४०६ ते १४२० या काळात बांधलेला हा बादशाही वाडा पाहता पाहता पाय थकतात. त्याच १४२० सालचे स्वर्गमंदिर, जुन्या वस्तीतील अरुंद गल्ल्या आणि शहरापासून दोन तासांच्या आत गाठता येणारी भिंत हेही कार्यक्रमात असे. त्या भिंतीविषयी चिनी लोकांत एक जुनी कथा सांगतात. मंग ज्यांग नावाच्या स्त्रीचा पती भिंतीच्या बांधकामावर वेठीस धरला गेला आणि तेथेच मेला. त्याच्या शोधात आलेल्या त्या स्त्रीने एवढा आकांत केला की भिंतीचा एक भाग कोसळला. ज्या मातेने आपले मूल रात्रीच्या अंधारात कोठे तरी ठेवले, तिचा आकांत मात्र कोणाच्या कानी गेला नाही. भिंतीच्या पायऱ्या चढणाऱ्या पाहुण्यांच्या खिशात तिच्याच मुलाचे छायाचित्र होते.

कित्येक आया तेथे रेशमाचे कापड, चहाची भांडी किंवा नाव कोरलेला शिक्का विकत घेत. मूल मोठे होईल तसतशी प्रत्येक वाढदिवशी एकेक वस्तू त्याच्या हाती द्यावी, हा हेतू. कोणी रोजची टिपणे लिहीत आणि रस्त्यांची छायाचित्रे काढीत. जो देश मूल लवकरच सोडणार होते, त्याचा अंश ही मंडळी अशा रीतीने बरोबर घेत.

पुढचा टप्पा प्रांताच्या राजधानीचा. बहुधा सरकारी कचेरीत किंवा उतरण्याच्या हॉटेलात अनाथालयातील सेविका बालकास घेऊन येत. चिनी भाषेत अशा सेविकेस ‘आयी’ म्हणतात. आपल्या कानास तो शब्द ‘आई’सारखा लागतो, त्याचा मूळ अर्थ मावशी. मूल परक्या हातात जाताच टाहो फोडी, कारण त्याला ठाऊक असलेली माया त्या आयीचीच होती. जाणते आईबाप त्या रडण्याने खट्टू होत नसत. कोणी अनाथालय पाहून येत, तर कोणी मूल सापडले त्या जागी जाऊन क्षणभर उभे राहत. आमच्या मते साऱ्या प्रवासातील हेच खरे प्रेक्षणीय स्थळ होय.

बालकाचे पारपत्र तयार झाले की सारी कुटुंबे ग्वांगझू येथे जात, कारण दत्तक बालकांचे व्हिसा तेथील अमेरिकन वकिलातच देई. नदीकाठच्या शामियान बेटावर बाबागाड्यांची रीघ लागे. लूर्दमातेचे एक जुने छोटे फ्रेंच मंदिर त्याच बेटावर आहे.

या कथेला काळी बाजूही आहे. हूनान प्रांतातील काही अनाथालये पैसे देऊन तान्ही मुले मिळवीत होती, हे २००५ साली उघडकीस आले आणि पुढे दोषी लोकांस शिक्षा झाल्या. आपले मूल खरोखर टाकलेलेच होते काय, हा प्रश्न त्यानंतर अनेक घरांत शिरला. अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये, जवळच्या रक्तसंबंधितांचा अपवाद वगळता, परदेशी दत्तक देणे बंद केल्याचे चीन सरकारने जाहीर केले.

परंतु नेलेली मुले आज मोठी झाली आहेत. त्यांतील काही जण आपली जन्मभूमी पाहण्यास परत जातात, काही जन्मदात्यांचा शोध घेतात. अशा वेळी ‘आम्ही तुझा देश पाहिला, तुझ्या आयीला भेटलो, आम्हांस ठाऊक आहे ते असे आहे,’ एवढे सांगता येणे ही लहान गोष्ट नव्हे. ज्यांनी काहीच पाहिले नाही, त्यांच्यापाशी देण्यास काय उरते?

वाचकहो, हा धडा दूरदेशाचा असला तरी आपल्याही कामाचा आहे. आपल्या देशात आज दत्तकविधान सरकारी व्यवस्थेमार्फत होते आणि बेळगाव किंवा गोव्यातील दांपत्यास दुसऱ्या राज्यातील संस्थेतले बालकही मिळू शकते. तेव्हा सही करून त्याच गाडीने परतण्याची घाई करू नये. एक दिवस अधिक काढून ते गाव पाहावे, तेथील भाषेतले चार शब्द शिकावेत, ज्या मावशीने बालकाला दूध पाजले तिला नमस्कार करावा आणि तिचे नाव लिहून ठेवावे. शेजारीपाजारी काय म्हणतील या भयाने कित्येक घरांत मुलाचे मूळ लपविले जाते. ते त्यास कधी तरी कळतेच, आणि परक्याच्या तोंडून कळले म्हणजे जिव्हारी लागते. मूल आपल्या घरी येण्यापूर्वीही त्याला एक जीवन होते. ते आदराने पाहून येणाऱ्यास, मुलाने उद्या प्रश्न विचारला असता, मान खाली घालावी लागणार नाही.