मिरजेची सतारमेकर गल्ली

गाणारा कुठल्याही घराण्याचा असो, त्याच्या मागे झंकारणारा तानपुरा अनेकदा मिरजेचा असतो. सांगली जिल्ह्यातल्या या गावात सतारमेकर गल्ली नावाची गल्लीच आहे. इथल्या कारागिरांनी धंद्याचं नाव आडनाव म्हणून लावलं आणि पिढ्यान् पिढ्या तेच काम हातात धरून ठेवलं.

मूळचे हे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. इंग्रजी अमलात शस्त्रांचं काम ओसरलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या घराण्यातले फरीदसाहेब वाद्यदुरुस्तीकडे वळले आणि पुढे स्वतःच तानपुरे, सतारी घडवू लागले. मिरजेचे संस्थानिक पटवर्धन गाण्याचे शौकीन. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांची तालीम याच गावात चाले. विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याकडे इथेच शिकले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेबही मिरजेत राहिले. १९३७ साली ते गेले, त्यांची कबर ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात आहे. असे चोखंदळ कान गावातच असल्यावर कारागिराला कच्चं काम खपवता येत नाही. मिरजेचं वाद्य नावाजलं ते यामुळे.

तानपुऱ्याची सुरुवात शेतात होते. मंगळवेढा-पंढरपूर भागातला कडू भोपळा महिनोन् महिने वाळवतात, मग भिजवून मऊ करतात आणि आत काठ्या अडकवून त्याला हवा तो आकार देतात. त्यावर तुणीच्या लाकडाची तबली (भोपळ्याचं तोंड झाकणारी फळी), गळा आणि दांडी बसते. नक्षी, रंग, पॉलिश, खुंट्या, तारा एवढं सगळं झालं तरी वाद्य अजून मुकंच असतं. त्याला बोलतं करते ती जवारी. तारा जिच्यावरून जातात त्या घोडीचा माथा कानशीने इतका बारीक घासायचा की तार त्याला हलकेच चाटून जाईल. मग तारेखाली दोऱ्याचा ‘जीव’ सरकवत नेमकी जागा शोधायची. जागा सापडली की एका सुरातून अनेक सूर उमलतात. यासाठी मोजपट्टी नाही, कानच लागतो. हा कान मुलगा बापाशेजारी वर्षानुवर्षं बसून कमावतो.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे नावाला कायद्याचं संरक्षण आलं, पण हाताला काम गिऱ्हाईकच देतं. इलेक्ट्रॉनिक तानपुरा प्रवासात सोयीचा असतो, घरच्या रियाजाला मात्र भोपळ्याचाच हवा. मुलांना गाणं शिकवणाऱ्या पालकांनी आणि संगीत विद्यालयांनी एकदा तरी या गल्लीत यावं, कारागिराच्या हातची जवारी ऐकावी आणि घासाघीस न करता त्याच्या कष्टाचं मोल द्यावं. पुढची पिढी कानस हाती घेईल की नाही, हे त्यावरच ठरणार आहे.