हंगामाच्या तोंडावर ट्रॅक्टरच्या इंजिनाचे तेल व फिल्टर बदलणे

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती व इंदापूर तालुक्यांत उसाची शेती फुलली. सणसर हे याच पट्ट्यातील गाव असून लगतच भवानीनगर येथे श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना आहे. गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे फडातून कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्यांची रीघ लागते. पूर्वी हा भार बैलांच्या खांद्यावर असे. आता त्यातील मोठा वाटा ट्रॅक्टरने उचलला आहे. बैल थकला तर तो थांबून सांगतो. इंजिन मात्र तेल खराब झाले तरी काही काळ निमूटपणे चालत राहते, आणि बंद पडते ते बहुधा भर हंगामातच.

अशा वेळी होणारे नुकसान केवळ दुरुस्तीच्या खर्चापुरते मर्यादित नसते. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गाळला जावा. तो वाळू लागला म्हणजे त्याचे वजन घटते व त्यातील साखरही कमी होते. ट्रॉली फडात भरून उभी, तोडणीची टोळी रिकामी बसलेली आणि इंजिन मिस्त्रीकडे खोललेले, अशी अवस्था टाळावयाची असेल तर वेळेवर तेल व फिल्टर बदलणे हाच सर्वांत स्वस्त उपाय होय. हे काम घरच्या घरी, तासा-दीड तासात करता येते.

तेलाचे कार्य

इंजिनातील तेल पिस्टन, लायनर, क्रँक व बेअरिंग यांमध्ये पातळ थर धरून लोखंडावर लोखंड घासू देत नाही. त्याखेरीज ते आतील उष्णता वाहून नेते, पिस्टनच्या रिंगांभोवतीची फट बुजविते, गंज येऊ देत नाही आणि जळणातून निघालेली काजळी आपल्या अंगात धरून ठेवते. म्हणूनच डिझेल इंजिनातील तेल थोड्याच दिवसांत काळे होते. तेल काळे झाले म्हणजे इंजिन बिघडले असे मुळीच नव्हे. तेल आपले काम करीत आहे, एवढाच त्याचा अर्थ. परंतु काजळी धरण्याच्या शक्तीलाही मर्यादा असते. ती संपली म्हणजे गाळ साचू लागतो आणि तेलाचे मार्ग अरुंद होतात.

तेलातील कण अडविण्याचे काम फिल्टर करतो. मोटारीच्या इंजिनासाठी असा फिल्टर अमेरिकेत स्वीटलँड व ग्रीनहाल्घ या दोघांनी १९२३ साली प्रचारात आणला. आजच्या फिल्टरमध्ये घड्या घातलेला कागद असतो. तो तुंबला तर इंजिन कोरडे पडू नये म्हणून एक झडप उघडते व तेल न गाळताच पुढे जाते. म्हणजे तुंबलेला फिल्टर असून नसल्यासारखाच. कागदी फिल्टर डिझेलमध्ये धुऊन पुन्हा बसविण्याची काटकसर अनेक जण करतात. त्यात कागद फाटतो अथवा सुटतो आणि अडविलेला कचराच इंजिनात शिरतो. तेल नवे आणि फिल्टर जुना, असेही करू नये.

केव्हा व कोणते तेल

तेल किती तासांनी बदलावे हे ट्रॅक्टरबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत दिलेले असते, आणि तेच प्रमाण मानावे. पुष्कळ ट्रॅक्टरांना ही मुदत २५० तासांची असते. नव्या इंजिनाचे पहिले तेल मात्र लवकर, बहुधा ५० तासांनी बदलावे लागते. कारण सुरुवातीला भाग एकमेकांत बसताना लोखंडाचा बारीक कीस सुटतो. फडातील धूळ व पाचट यांत काम करणाऱ्या ट्रॅक्टरची मुदत कमी धरणे हिताचे आहे. हिशेब तासमापकावरून ठेवावा; केवळ आठवणीवर विसंबू नये.

डब्यावर १५डब्ल्यू-४० असे आकडे असतात. त्यातील पहिला आकडा थंडीत तेल किती सहज वाहते हे सांगतो, तर दुसरा इंजिन तापल्यावर तेलाचा दाटपणा किती राहतो हे सांगतो. पुस्तिकेत सांगितलेलाच दर्जा घ्यावा. तेल ओळखीच्या दुकानातून, सीलबंद डब्यातून, पावतीसह घ्यावे. रिकामा डबा भोक पाडून निकामी करावा, म्हणजे त्यात बनावट तेल भरून विकले जाणार नाही. ट्रॅक्टर हमीच्या मुदतीत असल्यास घरी काम करण्यापूर्वी हमीच्या अटी वाचून पाहाव्यात.

कृती

१. ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करावा. ट्रॉली सोडावी, मागील औजार जमिनीवर टेकवावे, हातब्रेक लावून चाकांना दगडाची उटी द्यावी.

२. इंजिन पाच ते दहा मिनिटे चालवावे. कोमट तेल पातळ होऊन गाळासह बाहेर पडते. मग इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी. फार तापलेल्या तेलाने हात भाजतो, म्हणून थोडा वेळ थांबावे. उपरण्याचे अथवा धोतराचे सुटे टोक यंत्राजवळ असू नये.

३. तेल भरण्याचे झाकण व त्याभोवतीची जागा पुसून झाकण सैल करावे. चेंबरखाली रुंद भांडे ठेवावे. योग्य मापाच्या पान्याने चेंबरचा बोल्ट ढिला करून शेवटचे आटे हाताने काढावेत. तेल पंधरा-वीस मिनिटे निथळू द्यावे.

४. बोल्ट पुसून वायसर बदलावा व बोल्ट पुन्हा बसवावा. तो घट्ट असावा. परंतु जोर लावून आटे मारू नयेत.

५. फिल्टरखाली भांडे सरकवून पट्ट्याच्या पान्याने तो सोडवावा. जुने रबर इंजिनाला चिकटून राहिले नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. जुन्या रबरावर नवे बसले तर तेल जोराने गळते व काही मिनिटांत चेंबर रिकामे होऊ शकते.

६. नव्या फिल्टरच्या रबराला नव्या तेलाचे बोट लावावे. फिल्टर उभा बसत असल्यास त्यात थोडे तेल आधीच भरावे. रबर टेकल्यानंतर फिल्टर हातानेच साधारण पाऊण फेरा आवळावा. आवळण्यासाठी पाना वापरू नये.

७. स्वच्छ नरसाळ्याने नवे तेल ओतावे. पुस्तिकेतील मापापेक्षा थोडे कमी ओतून गेजवर पाहावे व मग बेताबेताने वाढवावे. तेलाची खूण वरच्या व खालच्या रेषेच्या दरम्यान असावी. जास्त तेलही बाधते. क्रँक ते घुसळतो आणि फेस होतो.

८. इंजिन सुरू करून मंद गतीने चालवावे. तेलाच्या दाबाचा दिवा काही क्षणांत विझला पाहिजे. तो विझला नाही तर इंजिन तत्काळ बंद करावे. दिवा विझल्यावर बोल्ट व फिल्टर यांजवळ गळती पाहावी. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी पुन्हा गेज पाहावा.

९. दिनांक व तासमापकाचा आकडा वहीत लिहावा आणि फिल्टरवरही खुणेच्या शाईने नोंदवावा.

जुने तेल काय सांगते

काढलेले तेल फेकण्यापूर्वी पाहणे अगत्याचे आहे. ते दुधाळ असेल तर इंजिनात पाणी शिरत आहे. हेड गॅस्केट गेल्याचा संशय घ्यावा. तेल फार पातळ असून डिझेलचा वास येत असेल, किंवा न भरताच गेजवरील पातळी वाढत असेल, तर डिझेल चेंबरमध्ये उतरत आहे. बोल्टला धातूचे चमकदार तुकडे चिकटले असतील तर इंजिनाचे आतील भाग झिजत आहेत. या तिन्ही वेळी केवळ तेल बदलून स्वस्थ बसू नये, मिस्त्रीला दाखवावे. हंगामाआधी कळलेला दोष थोडक्यात निभावतो.

जुन्या तेलाची विल्हेवाट

सांडलेले तेल ओढ्यात, चारीत अथवा विहिरीजवळ ओतू नये. ते पाण्यावर तवंग धरते, जमिनीत मुरते आणि सहजासहजी नाहीसे होत नाही. या तेलात जळणातून आलेली विषारी द्रव्ये व झिजलेल्या धातूंचे कण असतात. म्हणून जनावरांच्या अंगावरील गोचिडांवर ते लावू नये. जनावर अंग चाटते. गुऱ्हाळाच्या चुलवाणातही ते जाळू नये. काम करताना हातमोजे घालावेत व नंतर हात साबणाने धुवावेत. असे तेल वारंवार लागल्याने त्वचेचे विकार जडतात.

वापरलेले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते पाणी व डिझेल न मिसळता झाकणाच्या डब्यात साठवावे आणि अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे पोहोचेल अशा दुकानात वा कार्यशाळेत द्यावे. शुद्ध करून त्यापासून पुन्हा वंगणतेल तयार होते. १ एप्रिल २०२४ पासून या कामाची जबाबदारी तेल उत्पादकांवरही टाकण्यात आली आहे.

ग्रामकार्यकर्त्यांसाठी

ऊसतोड सुरू होण्यापूर्वी गावातील एका ट्रॅक्टरवर हे प्रात्यक्षिक करून दाखवावे. तरुण मुलांना व भाड्याने ट्रॅक्टर चालविणाऱ्या चालकांना आवर्जून बोलवावे, कारण मालकापेक्षा यंत्राशी त्यांचाच संबंध अधिक येतो. जुन्या तेलासाठी गावात एक सामाईक पिंप ठेवल्यास ते उचलून नेणेही सोयीचे होते. ज्या शेतकऱ्याची तेलाची वही भरलेली असेल, त्याची ट्रॉली फडात अडकण्याचा धोका नक्कीच कमी राहील.