मे महिन्यात एकाच इंजिनावर
धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबने प्रशिक्षण आणले. २०२१ मध्ये नव्या उड्डाण प्रशिक्षण संस्थांसाठी निवडलेल्या पाच विमानतळांत जळगावही होते. मुले एका इंजिनावर शिकतात, पण विमान कंपनीची नोकरी दोन इंजिनांच्या परवान्याशिवाय नाही. मग त्यासाठी विमान कोणते घ्यावे?

जाहिरातीत वेग असतो. पाहायचे ते एक इंजिन बंद पडल्यावर काय उरते. ताकद निम्मी होते, पण वर चढण्याची क्षमता ८० टक्क्यांहून अधिक घटते, कारण उरलेली बहुतेक ताकद हवेत टिकून राहण्यातच खर्च होते. त्यात पारा ४५ अंशांवर गेला की जळगावच्या धावपट्टीवरची हवा महाबळेश्वरच्या उंचीवर असावी तितकी विरळ होते. माहितीपत्रकातला आकडा बहुधा १५ अंशांच्या गार हवेतला असतो. खानदेशात तो काय कामाचा?

शिवाय विमान बंद इंजिनाकडे वळू लागते. विद्यार्थ्याला रडरचे पेडल पायाने जोरात दाबून धरावे लागते. ठरावीक वेगाखाली गेल्यास कितीही दाबले तरी विमान सरळ राहत नाही. पायपर सेनेकाचे पंखे परस्परविरुद्ध फिरतात, म्हणून कुठलेही इंजिन गेले तरी त्रास सारखाच. शिकायला सोपे, पण तिला शिसे असलेले एव्हगॅस लागते. डायमंड डीए-४२ ची डिझेल इंजिने प्रवासी विमानांच्याच इंधनावर चालतात. टेक्नाम पी-२००६ टी ला बिनशिशाचे पेट्रोलही चालते. ते हलके आहे, इंजिने जेमतेम शंभर अश्वशक्तीची.

खरेदीआधी ४५ अंश, दोघे बसलेले, टाकी भरलेली असा एका इंजिनाच्या चढाईचा तक्ता मागावा. आकडा शून्याजवळ असेल, तर उन्हाळ्यात धडे पहाटेच उरकावे लागतील.