बिनचूक चूक

'हयवदन'च्या प्रयोगात माझी जागा अर्ध्या पडद्यामागे होती. यक्षगानात दोघे जण हातात धरून उभे राहतात तसला हा पडदा, माणसाच्या छातीपर्यंत येणारा. त्याच्या वर जे दिसतं ते प्रेक्षकांचं, खाली जे चालतं ते आमचं. आमच्या हौशी संस्थेच्या त्या प्रयोगांत एक काम फक्त माझ्याकडे होतं. कालीच्या देवळात देवदत्त आणि कपिल आपापली मान कापून पडले की पडद्याआड आडवं पडून सरपटत जायचं, दोघांचे मुखवटे सोडवायचे आणि याचा त्याला, त्याचा याला बांधायचा. देवदत्ताचा मुखवटा फिकट, कपिलाचा सावळा. अंधारात रंग कळत नाही, म्हणून फिकट मुखवट्याच्या नाडीला मी एक गाठ मारून ठेवली होती. बोटांना गाठ लागली की तो देवदत्त.

नाटकात ही अदलाबदल देवदत्ताच्या बायकोच्या, पद्मिनीच्या हातून चुकून होते. देवीने वर दिलेला असतो, मुंडकी धडांना लाव, दोघे जिवंत होतील. घाईत आणि काळोखात ती नवऱ्याचं डोकं मित्राच्या धडावर ठेवते आणि मित्राचं नवऱ्याच्या. पुढचं सगळं नाटक या एका चुकीवर उभं आहे. म्हणजे ती चूक दर प्रयोगाला बिनचूक व्हायला हवी. नाटक बसवणाऱ्या आमच्या सरांनी त्यासाठी ढोलकीच्या सोळा मात्रा मोजून दिल्या होत्या. सोळाव्या मात्रेला पडदा खाली.

ही गोष्ट आमच्याकडे आली ती फार लांबचा फेरा घालून. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने 'कथासरित्सागर' रचला, त्यातल्या वेताळाच्या कथांमध्ये ती आहे. तिथे डोकी बदलतात ती नवऱ्याची आणि बायकोच्या भावाची. वेताळ विचारतो, आता नवरा कोणता? राजा उत्तर देतो, ज्याच्या धडावर नवऱ्याचं डोकं आहे तो. शरीरात मस्तक श्रेष्ठ, प्रश्न मिटला. विसाव्या शतकात हाइनरिश झिमर या जर्मन भारतविद्या अभ्यासकाच्या लेखनातून ती टोमास मानपर्यंत पोचली. हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडून अमेरिकेत राहत असताना मानने 1940 साली त्यावर लघुकादंबरी लिहिली. त्याने भावाच्या जागी मित्र आणला आणि राजाने मिटवलेला प्रश्न पुन्हा उघडला. 'हयवदन' लिहिताना गिरीश कार्नाडांनी तो तिथून उचलला. त्यांनीच लिहून ठेवलंय की हे नाटक त्यांच्या डोक्यात आकार घेऊ लागलं ते ब. व. कारंतांशी चाललेल्या वादाच्या ऐन मध्यावर. वाद होता आपल्या रंगभूमीवरच्या मुखवट्यांच्या अर्थाचा आणि नाटकाच्या संगीताशी असलेल्या नात्याचा. 1971 साली नाटक आलं. पुढे विजया मेहतांनी ते वायमारच्या राष्ट्रीय रंगमंदिरासाठी जर्मन भाषेत बसवलं, म्हणजे मानची कथा वेष पालटून त्याच्याच भाषेत परत गेली.

घोड्याचं तोंड असलेला हयवदन मात्र ना सोमदेवाकडे आहे ना मानकडे. तो कार्नाडांचा स्वतःचा. माझ्या मते नाटकाचं काळीज तिथेच आहे. देवदत्त-कपिलाचा प्रश्न हुशार आहे, पण हयवदनाचं दुःख खरं आहे. राजकन्या आणि पांढरा घोडा झालेला शापित गंधर्व यांचा हा मुलगा, ना धड माणूस ना धड जनावर. पूर्ण होण्यासाठी तो देवळं, दर्गे, साधुसंत सगळं पालथं घालून आलेला असतो. शेवटी काली त्याला पूर्ण करते, पण अर्धवट ऐकून. माणूस होण्याऐवजी तो पूर्ण घोडा होतो. तेही लगेच पुरतं नाही, कारण सुरुवातीला माणसाचा आवाज गळ्यात उरतोच.

आमच्याकडे हयवदन करणारा मुलगा दिवसा औषधांच्या दुकानात काम करायचा. मुखवटा आम्ही कागदाच्या लगद्याचा केला होता, चिंचोक्याची खळ घालून. वाळल्यावर तो इतका जड झाला की पहिल्याच तालमीत त्याची मान आखडली. आत श्वास कोंडायचा, स्वतःचाच आवाज कानात घुमायचा. सर म्हणाले, "हलका करू नका. याला आत कसं वाटतं ते त्याला कळू दे." तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी मुखवटा उतरवल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, आत असताना मला माझं तोंड आठवत नव्हतं." मी त्याला पाणी दिलं. त्या दिवसानंतर त्याला कुणी संवाद कसा म्हण ते सांगितलं नाही.

देवदत्त आणि कपिल करणाऱ्यांची तालीम वेगळीच होती. देवदत्त करणारा बँकेतला, किडकिडीत, बोलताना अंगठी फिरवत राहणारा. कपिल करणारा रोज पहाटे आखाड्यात जाणारा. सरांनी दोघांना पंधरा दिवस एकमेकांच्या सवयी लावून घ्यायला सांगितलं: बसणं, उठणं, डबा खाणं, दाराची कडी काढणं. पहिलवान आठवड्याभरात नसलेली अंगठी फिरवू लागला. बँकवाल्याला त्याची चाल काही केल्या जमेना. तो म्हणायचा, "मला कळतंय, पण पायांना कळत नाहीये." नाटकातला कपिल रानात हेच म्हणत असतो. परक्या धडाला घाम गाळून तो आपलंसं करतो, तरी त्या हातांना त्याच्या न जगलेल्या आठवणी असतात. राजाने वेताळाला दिलेलं उत्तर सोपं होतं. आमच्या तालमीच्या खोलीत ते पंधरा दिवसांत खोटं ठरलं.

मग चौथा प्रयोग आला. गाव मोठं, थिएटर भरलेलं. मी पडद्याआड गेलो. बाराव्या मात्रेपर्यंत दोन्ही मुखवटे हातात होते. घामाने नाड्या ओल्या झाल्या होत्या, गाठ बोटाला लागली की तो नाडीचा पीळ होता हे कळेना. सोळावी मात्रा पडली. पडदा खाली आला, उजेड झाला आणि मी पाहिलं की देवदत्ताला देवदत्ताचाच मुखवटा बांधलेला होता आणि कपिलाला कपिलाचा.

नाटक तिथेच संपलं होतं. देवीचा वर अचूक फळला, नवरा नवरा राहिला, मित्र मित्र राहिला. पुढच्या तासाभराला कारणच उरलं नव्हतं. सूत्रधार भागवत करणाऱ्याच्या हातातले टाळ थांबले. मी पडदा धरणाऱ्याच्या पायाशी तसाच पडून होतो, हलायचीही सोय नव्हती.

पद्मिनी करणाऱ्या ताई क्षणभर उभ्या राहिल्या. मग गुडघे टेकून बसल्या. भर उजेडात त्यांनी आधी एकाचा मुखवटा सोडवला, मग दुसऱ्याचा. दोन्ही मांडीवर ठेवून पाहिले. फिकट मुखवट्यावरून एकदा हात फिरवला. आणि मग अगदी सावकाश तो पहिलवानाच्या चेहऱ्यावर बांधला, सावळा बँकवाल्याच्या. थिएटरमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. टाळ पुन्हा सुरू झाले आणि दोघे उठून बसले.

प्रयोगानंतर मेकअपच्या खोलीत सर आले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. ताईंना विचारलं, "हे कुठून आलं?" ताई म्हणाल्या, "मला काही सुचलं नव्हतं हो सर. हात गेले."

दुसऱ्या दिवशी आमच्यात मोठा वाद झाला. अर्ध्या लोकांचं म्हणणं, हे असंच ठेवूया, लोकांनी श्वास रोखून पाहिलं. सरांनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. "कार्नाडांनी तिथे काळोख ठेवलाय. ती चुकली की तिने निवडलं, हे देवीलाही त्यांनी नीट बोलू दिलेलं नाही. तो काळोख उजळवायचा अधिकार आपला नाही." पाचव्या प्रयोगाला पुन्हा सोळा मात्रा, पुन्हा अंधार. मी नाडीला एकाऐवजी तीन गाठी मारल्या. सरांचं बरोबर होतं असं मी तेव्हाही मानलं, आजही मानतो. पण त्या रात्रीनंतर पद्मिनीची चूक मला निव्वळ चूक वाटलेली नाही.

कार्नाडांच्या आत्मचरित्राची अर्पणपत्रिका वाचली तेव्हा मला ती रात्र आठवली. त्यांचा जन्म 1938 सालचा, माथेरानचा. त्याआधी त्यांची आई गर्भ पाडायच्या विचाराने पुण्यात डॉ. मधुमालती गुणे यांच्या दवाखान्यात गेली होती. डॉक्टरीणबाई वेळेवर आल्या नाहीत, वाट पाहून आई परतली आणि पुन्हा गेली नाही. ही हकिकत आईच्या तोंडून त्यांनी मोठेपणी ऐकली आणि ते पुस्तक त्या डॉक्टरांनाच अर्पण केलं. काळोखातल्या चुकीवर आयुष्य उभं राहतं हे ज्याला स्वतःविषयी कळलं, त्या माणसाचं हे नाटक आहे.

आणखी एक सांगायचं राहिलं. नाटकाच्या सुरुवातीला गणपतीच्या मुखवट्याची पूजा आहे. हत्तीचं शिर आणि माणसाचं धड असलेला देव, आणि तोच पूर्णत्वाचा स्वामी, या आश्चर्यापासून भागवत सुरुवात करतो. मराठी अनुवाद चिं. त्र्यं. खानोलकरांचा. वेंगुर्ल्याजवळ जन्मलेल्या आणि कुडाळला वाढलेल्या माणसाला गणपती रंगमंचावर येण्याचं नवल नसणार, त्यांच्या मुलखातल्या दशावतारात तो आधीच येतो. आमचा गणपतीसुद्धा त्याच लगद्याचा, घोड्याच्या मुखवट्यातून उरलेल्या. पण दुसऱ्या प्रयोगापासूनच आमचे सुतारमामा चपला काढल्याशिवाय त्याला हात लावेनात. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मग आम्हीही काढू लागलो. शेवटच्या प्रयोगानंतर सेट मोडला, लेव्हल्स परत केल्या, कपडे वाटून टाकले. तो मुखवटा मात्र कुणी सामानाच्या पेटीत टाकेना. भाद्रपदापर्यंत तो सुतारमामांच्या घरी राहिला आणि त्यांच्या गणपतीबरोबर नदीत गेला.

घोड्याचा मुखवटा माझ्याकडे आहे, माळ्यावर, जुन्या चादरीत गुंडाळलेला. रंग थोडा उडालाय, लगदा अजून पक्का आहे. कुणा हौशी संस्थेला 'हयवदन' करायचं असेल तर घेऊन जा. फक्त नाकपुड्यांची भोकं मोठी करू नका, आमच्या सरांनी ती मुद्दाम लहान ठेवून घेतली होती.