गोट्यांचा रायगड

कॅरव्हान म्हणजे मोटारीमागे जोडलेले चाकांवरचे बिऱ्हाड! लंडनच्या आमच्या घरून दोन मुलांसह आम्ही ते ब्रायटनला नेले. समुद्रावर वाळूचा रायगड बांधायचा, म्हणून चिरंजीवांनी फावडेही घेतलेले. पण वाळू कुठली? सारे गोटेच गोटे! स्वारी रडकुंडीला आली. १८८३ साली सुरू झालेली, किनाऱ्याने धावणारी विजेची चिमुकली गाडीही तिला रिझवेना. अखेर धाकटीने मुकाट्याने गोट्यावर गोटा रचला. दादाही सरसावला, आणि बुरूज उभा राहिला!

निघताना दोघांचे खिसे फुगलेले. पण तिथले गोटे घरी नेण्यास कायद्याने मनाई. समजूत घालताच मुलांनी एकेक गोटा गडावर ठेवला. गड वीतभर उंच झाला, आणि रिकाम्या खिशांचे मावळे हसत बिऱ्हाडी परतले!