हिरकणीवाडीतून उन्हाळी संशोधनाकडे

रायगडाच्या पायथ्याला, रोपवेच्या खालच्या स्थानकापाशी असलेल्या हिरकणीवाडीत राहून महाडला बी.एस्सी. फिजिक्स करणाऱ्या मुलीला उन्हाळ्याच्या सुट्टीत खऱ्या संशोधनात हात घालता येतो. पण ज्या घरातून आजवर कुणी प्रयोगशाळेत गेलेलं नाही, तिथे अर्ज निघाल्याची खबरच पोचत नाही. अमेरिकेत अशा मुलांना शोधून आणण्यासाठी ‘आरईयू’ नावाची सरकारी योजना आहे. आपल्याकडे मात्र आपणच जाऊन दार वाजवावं लागतं.

पहिलं दार जवळ आहे. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात २००४ पासून ‘नियस’ हा उपक्रम चालतो. पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांना निवडून शिबिराला बोलावतात आणि त्यातल्या काहींना पुढे प्रकल्प मिळतो. महाडहून एसटीने पनवेल, तिथून हार्बर लोकल. पोरीला लांब पाठवायचं म्हणून घरचे कचरत असतील, तर सुरुवात इथूनच करावी.

दुसरं दार बरंच मोठं आहे. बेंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी या तीन अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. दोन महिने देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करायचं. विद्यावेतन मिळतं, जाण्यायेण्याचं रेल्वेभाडंही मिळतं. तिकिटं मात्र जपून ठेवावीत. अर्ज ऑनलाइन असतो आणि त्याची मुदत साधारण नोव्हेंबरच्या आसपास संपते. तारीख दरवर्षी बदलते, म्हणून दिवाळीच्या आधीपासूनच लक्ष ठेवायला हवं. एप्रिलमध्ये पेपर संपल्यावर चौकशी करणाऱ्यांचं वर्ष तिथेच हुकतं, आणि हे ऐकलं की मला दरवेळी वाईट वाटतं.

अर्जाला गुणपत्रिका आणि शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं, आणि आपल्याला काय करायचंय याचं छोटं टिपणही. गुण आता बदलता येत नाहीत, टिपण मात्र पूर्णपणे आपल्या हातात असतं. ‘मला लहानपणापासून कृष्णविवरांची आवड आहे’ असं शेकडो जण लिहितात. त्यापेक्षा स्वतः केलेलं एक मोजमाप लिहावं.

हिरकणीवाडीच्या मुलीकडे तर असं मोजमाप दाराशीच आहे. रोपवे काही मिनिटांत सुमारे ४०० मीटर उंच नेतो. फोनमध्ये बॅरोमीटर असेल तर ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप टाकायचं. नसेल तर बीएमपी-२८० हा स्वस्त सेन्सर कॉलेजच्या आर्डुइनोला जोडायचा. खाली हवेचा दाब नोंदवायचा, वर गेल्यावर पुन्हा नोंदवायचा. दर ९ मीटरला साधारण १ हेक्टोपास्कल या हिशेबाने वरचा आकडा ४० ते ४५ ने कमी भरेल. इथवर पाठ्यपुस्तक. खरा प्रश्न याच्या पुढे सुरू होतो. जानेवारीच्या पहाटे आणि मे महिन्याच्या दुपारी हा फरक सारखाच येईल का? नाही येणार. तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे तेवढ्याच उंचीत दाब कमी उतरतो. तापमानात १० अंशांचा फरक पडला तर घट दीडेक हेक्टोपास्कलने बदलते आणि साधा सेन्सरही ती टिपतो. म्हणजे उंची नेमकी ठाऊक असेल तर दाबाच्या दोन नोंदींवरून मधल्या हवेच्या थराचं सरासरी तापमान काढता येतं. हवामान खातं जे फुगे वर सोडतं, त्यांच्या नोंदींतही हेच गणित वापरतात. आपल्या आकड्यांत चूक किती असू शकते, हेही टिपणात लिहावं. शास्त्रज्ञ आधी तेच पाहतो.

शिफारसपत्रासाठी सरांकडे किंवा मॅडमकडे शेवटच्या दिवशी जाऊ नये. पंधरा दिवस आधी टिपण त्यांना वाचायला द्यावं, म्हणजे पत्रात या मुलीबद्दल नेमकं काही उतरतं.

बारावीला पहिल्या एक टक्क्यात येऊन केंद्र सरकारची ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती मिळाली असेल, तर वर्षाच्या ८० हजारांतले २० हजार उन्हाळी प्रकल्पासाठीच असतात. बऱ्याच घरांत ही रक्कम फीमध्ये धरली जाते, म्हणून मुद्दाम सांगितलं.

१९२७ साली ज्या महाडने सार्वजनिक तळ्याचं पाणी सगळ्यांचं आहे हे देशाला दाखवलं, तिथल्या मुलींनी सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळेत जाताना संकोच का करावा? निवड नाही झाली, तर तेच टिपण आणखी नोंदी घालून पुढच्या वर्षी पाठवावं. झाली, तर शेवटी अहवाल लिहावा लागतो. त्याची एक प्रत कॉलेजच्या फिजिक्स विभागात ठेवावी, म्हणजे मागून येणाऱ्या पोरांना अर्ज भरताना हाताशी नमुना राहील.